नववं कलम

करार आला तेव्हा मी वखारीतल्या युनियनचा सेक्रेटरी होतो. हा मान काही कर्तबगारीनं मिळालेला नव्हता. शहापूरच्या बाहेर, सापगावच्या रस्त्याला असलेल्या त्या लाकडाच्या वखारीत सातवीच्या फायनलपर्यंत शिकलेला कामगार मी एकटाच होतो. माझं काम मापाऱ्याचं. जंगलातून आलेल्या ओंडक्याला टेप गुंडाळायची, गोलाई आणि लांबी मोठ्यानं सांगायची, की मुनीम ती वहीत उतरवून घ्यायचा. हात सालीनं आणि चिकानं काळे झालेले असायचे, पण कानावर पेन्सिल असायची. त्या पेन्सिलीमुळे लोक मला आपल्यापेक्षा थोडा वेगळा समजत. मीही समजत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

युनियन निघाली ती मिस्त्रीच्या बोटांमुळे. मोठ्या करवतीवर ओंडका सरकवणारा आमचा मिस्त्री रत्नागिरीकडचा होता, कमी बोलणारा आणि कामात फार नेटका. सागाचा ओंडका करवतीला लावण्याआधी तो त्यावर हात फिरवून पाहायचा, आत गाठ कुठे असेल ते सांगायचा आणि ते बहुतेक खरं निघायचं. एक दिवस ऐनाच्या लाकडात जुना खिळा निघाला, करवत उसळली आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. महिनाभरानं तो कामावर परतला तेव्हा शेठनं त्याला भुसा ओढायला लावलं. मजुरी भुसा ओढणाऱ्याची. संध्याकाळी तो माझ्या घरी आला, पडवीत बसला आणि म्हणाला, "तुला लिहिता येतं. एक अर्ज लिही."

अर्ज कल्याणला गेला. तिथे एक पुढारी होते, ज्यांनी छापखान्यांत आणि लहानसहान कारखान्यांत युनियन काढल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणत असू. ते आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा एस.टी.तून उतरल्यावर त्यांना इतकी धाप लागली होती, की बोलायच्या आधी ते बराच वेळ ओंडक्यावर बसून राहिले. दम्याचा त्रास होता त्यांना. खादीचा सदरा, हातात कापडी पिशवी, पिशवीत कागद आणि औषधाची बाटली. जेवायचे आमच्याच घरांत, पाटाशिवाय, सगळ्यांच्या पंगतीत. मिस्त्रीचं प्रकरण त्यांनी लावून धरलं आणि त्याला परत करवतीवर घ्यायला लावलं. त्यानंतर भाऊंनी सांगितलं आणि आम्ही ऐकलं नाही, असं कधी झालं नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर भाऊ वाईट माणूस होते असं कुणाला वाटेल. ते तसे नव्हते.

पुढच्या वर्षी आम्ही मागण्या दिल्या. कायम नेमणूक, पगारवाढ, भरपगारी रजा, अपघात झाला तर उपचार. शेठनं त्या वाचल्यासुद्धा नाहीत. मग होळीच्या आधी संप झाला. पंधरा दिवस आम्ही वखारीच्या फाटकाबाहेर बसलो आणि शेठला त्याचं काही वाटलं नाही. त्यानं बाहेरून माणसं आणून करवत चालू ठेवली. आत करवतीचा आवाज चालू आणि बाहेर आम्ही तो ऐकत बसलेले. त्या आवाजानं लोकांचा धीर सुटायला लागला. रोज एखादा जण कमी दिसायचा.

तेव्हा मिस्त्रीच म्हणाला, "करवत थांबवता येत नाही, तर लाकूड थांबवा."

लाकूड येत होतं मुरबाडच्या बाजूनं, धसईच्या पुढच्या डोंगरांतून. तिथे सरकारी जंगलाचे कूप, म्हणजे तोडीसाठी दिलेले तुकडे, शेठनं घेतले होते. ते तोडायला डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं असत. ती शेठची माणसं म्हणवली जात नसत. मध्ये एक ठेकेदार होता. तो वाड्यांवर जायचा, माणसं कामाला सांगायचा आणि कूप संपला की सोडून द्यायचा. पण ती तोडत शेठसाठीच, आणि त्यांनी तोडलेल्या प्रत्येक ओंडक्याला टेप मीच लावत होतो.

भाऊंनी मला तिकडे पाठवलं. "जा आणि त्यांना युनियनमध्ये घे," म्हणाले. "त्यांच्याशिवाय आपण जिंकत नाही." मी विचारलं, "त्यांना काय सांगू?" भाऊ म्हणाले, "सांग, एकच युनियन, एकच करार."

धसईपर्यंत बस होती. तिथून पुढे अर्धा दिवस चालणं. वाडी लहान होती, कारवीच्या कुडाची वीस-बावीस घरं. त्यांचा म्होरक्या पन्नाशीचा असेल. अंगानं वाळका, कमरेला कोयता, आणि समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत डोळे खाली ठेवून ऐकायची सवय. सगळी वाडी त्याला बाबा म्हणायची, मीही तेच म्हणू लागलो. त्याच्या बायकोनं नाचणीची भाकर आणि मिरची पुढं ठेवली. जेवण होईपर्यंत कुणी कामाचं बोललं नाही.

मग बाबानं विचारलं, "आमी कुऱ्हाडी ठेवल्या तर ठेकेदार आमाला परत बोलावनार नाय. मग?"

"बोलावील. करारात तसं लिहून घेऊ."

"कोनाच्या करारात?"

"आपल्या. जे आम्हाला मिळेल, ते तुम्हाला."

त्याची बायको चुलीपाशी बसून ऐकत होती. तिनं मान वर केली. "मापारी, लिवून घेशील ना? हा म्हातारा इस्वास ठेवतो. मी नाय ठेवत."

"घेईन," मी म्हणालो. त्या क्षणी मला स्वतःबद्दल काहीही शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी आसपासच्या तीन वाड्यांची माणसं तिथे जमली. मी सोबत सभासदांची वही आणि शाईचा पॅड नेला होता. एकेक जण पुढे यायचा, मी नाव लिहायचो आणि तो अंगठा उठवायचा. बायासुद्धा आल्या. एका म्हातारीनं अंगठा उठवल्यावर तो बराच वेळ न्याहाळला आणि हसत म्हणाली, "एवढा मोठा हाये होय माजा आंगठा."

त्या आठवड्यापासून कूप बंद पडले. बैलगाड्या रिकाम्या परत येऊ लागल्या. वखारीतला साठा तीन आठवड्यांत संपला आणि एका सकाळी करवत थांबली. फाटकाबाहेर बसलेलो आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. मिस्त्रीनं नुसती मान हलवली. पण वर वाड्यांवर काय चाललं होतं, ते आम्हाला फारसं माहीत नव्हतं. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी थोडंफार तरी भात होतं. त्यांच्याकडे साठवण अशी नव्हतीच. मधल्या काळात मी एकदा वर गेलो, तेव्हा लोक कंद खणून आणत होते आणि तो कडू कंद रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून खात होते. मी फार थांबलो नाही.

करवत थांबल्यावर शेठनं भाऊंना बोलावणं धाडलं. पहिल्या दोन बैठकांना मी आणि मिस्त्री बरोबर होतो. नंतरच्या बैठका कल्याणला झाल्या आणि भाऊ एकटेच गेले. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. कायद्याच्या गोष्टी होत्या, त्या त्यांनाच कळायच्या.

एका शुक्रवारी दुपारी भाऊ टाईप केलेले कागद घेऊन माझ्या घरी आले. कमिटीची माणसं पडवीत जमली. मिस्त्री होता, हमालांतले दोघे होते. वाड्यांच्या वतीनं बाबालाही कमिटीवर घेतलं होतं, पण तो आला नव्हता. मी विचारलं तेव्हा भाऊ म्हणाले, "निरोप जाऊन त्याला वरून यायला दोन दिवस लागतात. रविवारच्या सभेला येईलच."

भाऊंनी वाचायला सुरुवात केली. दोन वर्षं काम केलेले कायम होणार. वर्षाला ठरावीक रजा मिळणार. यंत्रावर इजा झाली तर औषधपाणी वखारीचं. पगारवाढही होती, मागितली होती त्याच्या निम्मी. हमालांची तोंडं फुलली. मीसुद्धा खूश झालो, खोटं का सांगू. माझी बायको आत दाराआड उभी राहून ऐकत होती, तिनं तेवढ्यात चहाचं आधण ठेवलं.

आठवं कलम वाचून भाऊ दहाव्यावर गेले. मी शेजारी बसलो होतो, मला कागद दिसत होता. मी म्हणालो, "भाऊ, नववं राहिलं."

"ते तांत्रिक आहे," ते म्हणाले. पण कागद त्यांनी माझ्याकडे दिला.

नवव्या कलमात लिहिलं होतं, की ठेकेदारामार्फत जंगलतोडीच्या कामी असलेले मजूर हे वखारीचे कामगार समजले जाणार नाहीत, प्रस्तुत कराराचे कोणतेही लाभ त्यांना लागू होणार नाहीत आणि युनियन त्यांच्या वतीने कोणतीही मागणी मांडणार नाही.

मी ते दोनदा वाचलं. मिस्त्री म्हणाला, "काय आहे?" मी सांगितलं. तो भाऊंना म्हणाला, "हे आम्ही सांगितलं नव्हतं."

भाऊंनी पिशवीतून बाटली काढून एक घोट घेतला. "पहिल्याच करारात सगळं मिळत नाही," ते म्हणाले. "आधी आपले पाय रोवू द्या. तीन वर्षांनी हा करार संपेल. पुढच्या वेळी त्यांचं घेऊ."

"पण मी त्यांना शब्द दिलाय," मी म्हणालो. "तुम्हीच सांगितलं होतं, एकच करार."

"तेव्हा तसं वाटत होतं."

हमालांपैकी एक जण हळूच म्हणाला, "आपलं तर झालं ना?" त्याच्या घरी पाच तोंडं होती आणि दीड महिना तो वाशिंदला जाऊन मिळेल ते काम करत होता. मला त्याचा राग आला नाही. पण मिस्त्रीला आला. तो उठून चहा न घेताच गेला.

सभा रविवारी सापगावला होती, नदीकाठच्या आमराईत. झाडांना बारीक कैऱ्या धरल्या होत्या. वखारीतले सगळे आले. डोंगरातली माणसं सकाळीच येऊन बसली होती. ती आदल्या दिवशी निघाली होती, बाया, अंगावरची पोरं, सगळी. काही जणींनी चांगली लुगडी नेसली होती. त्यांना वाटत होतं करार झाला म्हणजे जिंकलो. एकानं ढोल आणला होता.

भाऊंनी मला बाजूला घेतलं. "तू वाच," म्हणाले. "तुझा आवाज चांगला आहे. मुख्य मुद्दे वाच."

"सगळं वाचू की मुख्य मुद्दे?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुला शहाणपण आहे," एवढंच म्हणाले.

मी सगळं वाचलं. नववं कलमही वाचलं. पण ते कसं वाचलं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बाकीची कलमं मी थांबून थांबून, समजावून सांगत वाचली. रजा म्हणजे काय, कायम म्हणजे काय. नववं मात्र कागदावर होतं तसंच, त्या कचेरीच्या भाषेत, एका दमात म्हटलं आणि दहाव्यावर गेलो. वाचलं नाही असं कुणी म्हणू शकलं नसतं. आणि डोंगरातल्या माणसांपैकी कुणाला ते कळेल, अशी शक्यता जवळजवळ नव्हती. दहावं कलम वाचताना माझा आवाज मलाच परका वाटत होता.

वाचून झालं. वखारीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोंगरातल्यांनीही वाजवल्या.

बाबा उठला. "मापारी, एक इचारू?"

"विचारा."

"दहाच्या आधी जो बोललास, तो आमच्या बोलीत सांग. तिथं तू लवकर लवकर गेलास."

मी भाऊंकडे पाहिलं. ते खाली बघत होते. मिस्त्री माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसला होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "सांग त्याला."

मी सांगितलं. "बाबा, त्यात असं आहे, की ठेकेदाराची माणसं वखारीची नव्हेत. तुम्ही यात नाही."

"आमी यात नाय?"

"नाही."

"आनि पुढं? तू काय तरी आनखी बोललास."

"युनियन तुमच्यासाठी पुन्हा काही मागणार नाही, असंही आहे."

तो खाली बसला. त्याच्या मागे ते एकाकडून दुसऱ्याकडे सांगितलं गेलं, त्यांच्या बोलीत, हळू आवाजात. ज्याच्याकडे ढोल होता त्यानं तो मांडीवरून उतरवून खाली ठेवला.

मग मिस्त्री उठला. त्याला बोलायची सवय नव्हती, वाक्यं तुटत होती. तो म्हणाला, "माझी बोटं गेली तेव्हा तुम्ही सगळे माझ्यामागं उभे राहिलात. ही माणसं माझ्यामागं उभी राहिली, मला ओळखत नसताना. भाऊ, हा कागद परत न्या. आम्ही अजून बसतो फाटकावर. पण हा कागद नको."

वखारीतले बरेच जण "बरोबर आहे" म्हणाले. बरेच जण गप्प राहिले. एकानं विचारलं, "आणि शेठनं हेही दिलं नाही तर?" दुसरा भाऊंना म्हणाला, "आम्हाला न विचारता तुम्ही हो म्हणालातच कसे?" आवाज वाढत गेले. आपल्याच पुढाऱ्याला असं कुणी विचारताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

भाऊ उभे राहिले. धाप लागली होती, तरी त्यांचा आवाज चढला. "मी शब्द देऊन आलोय. हा करार तुम्हाला नको असेल तर माझी हरकत नाही. पण मग दुसरा पुढारी बघा. मी परत येणार नाही."

त्यानंतर आमराई शांत झाली. भाऊ नसले तर काय करायचं, हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. ते त्यांनाही ठाऊक होतं.

"मत घेऊ," भाऊ म्हणाले. "हा करार वखारीच्या कामगारांचा आहे. मत त्यांचंच. बाकीच्यांनी जरा बाजूला व्हावं."

डोंगरातली माणसं उठली आणि पलीकडच्या झाडांखाली जाऊन उभी राहिली. कुणी भांडलं नाही, त्यामुळे ते बघणं जास्त कठीण झालं. अंगठे उठवलेले सभासद होते ते, त्यांचा हक्क होता. सेक्रेटरी म्हणून हे सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही.

हात मोजायचं काम माझ्याकडे आलं. एका हातात कागद, दुसऱ्यात पेन्सिल घेऊन मी रांगांमधून फिरलो. बाजूनं हात वर झाले. मग विरुद्ध. मिस्त्रीचा तीन बोटांचा हात विरुद्ध होता. थोड्याच हातांच्या फरकानं करार मंजूर झाला. माझा स्वतःचा हात कुठेच मोजला गेला नाही. माझे दोन्ही हात गुंतलेले होते, असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो.

लोक पांगू लागल्यावर बाबा माझ्याजवळ आला. त्याची बायको मागे उभी होती. मला वाटलं तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आमचे आंगठे दे," तो म्हणाला.

मला आधी कळलं नाही.

"तुज्या वहीत आमचे आंगठे हायेत. ते आमाला दे. आमी त्यात नाय, तर आंगठे तरी कशाला तिथं?"

वही माझ्या पिशवीत होती. भाऊ दुरून बघत होते, त्यांनी हाक मारली, "अरे, वही फाडू नकोस. दप्तर आहे ते." मी त्या तीन वाड्यांची पानं काढली. शिवणीपाशी धरून एकेक पान फाडायला लागलं. बाबानं ती घेतली, चार घड्या घातल्या आणि बायकोकडे दिली. तिनं ती कनवटीला खोचली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मग ती सगळी माणसं नदी ओलांडून मुरबाडच्या रस्त्याला लागली. पोरं खांद्यावर, ढोल एकाच्या पाठीवर.

दोन दिवसांनी मिस्त्री आणि मी कल्याणला भाऊंच्या खोलीवर गेलो. सही गुरुवारी व्हायची होती, तोवर काही बदलता येईल का बघायचं होतं. भाऊ अंथरुणावर होते, पाठीला उशी लावून बसलेले. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला नाही, पण त्यांनी बसायला सांगितलं.

मिस्त्रीनं सरळच विचारलं, "का केलंत असं?"

भाऊंनी पाठीची उशी सारखी केली. मग म्हणाले, "शेठ वखार भिवंडीला हलवणार होता. जागा बघून ठेवली होती त्यानं. मला कागद दाखवला. कूपवाल्यांना करारात घेतलंत तर वखार बंद, असं सांगितलं. तुम्हा सगळ्यांचं काम गेलं असतं."

"मग हे सभेत सांगायचं होतं," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर निम्मे लोक दुसऱ्याच दिवशी शेठच्या पाया पडायला गेले असते. माणसं ओळखतो मी."

मिस्त्री म्हणाला, "आम्हाला नाही ओळखत तुम्ही, भाऊ. आणि कागद खरा होता हे कशावरून?"

भाऊंनी डोळे मिटून घेतले होते. आम्ही थोडा वेळ बसलो आणि निघालो. शेठ खरंच वखार हलवणार होता की नुसता धाक होता, हे मला आजवर कळलेलं नाही. परतीच्या गाडीत मिस्त्री म्हणाला, "सही तुझी लागणार. तू केली नाहीस तर?"

"तर ते दुसरा सेक्रेटरी करतील."

"करू देत की."

गुरुवारी सकाळी मी धुतलेला सदरा घातला. बायको भाकऱ्या थापत होती. मी तिला काही विचारलं नव्हतं, पण तीच म्हणाली, "सही करायची तर करा. घर आपलं बी हाये. पण मागनं मला सांगू नका, मनात नव्हता म्हणून."

मी सही केली. शेठच्या कचेरीत, भाऊंच्या सहीच्या खाली. कागद तिघांच्या हातातून फिरला, शेठनं सगळ्यांना पेढे दिले. बाहेर आल्यावर मी भाऊंकडे सेक्रेटरीपद सोडत असल्याची चिठ्ठी दिली. ती त्यांनी वाचून पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "आधी द्यायची होतीस." ते खरंच होतं.

त्या करारानं मला कायम केलं. त्याच नोकरीवर मी घराला कौलं घातली, पोरांना शहापूरला हायस्कुलात घातलं. मोठा आजारी पडला तेव्हा पगार न कापता आठ दिवस त्याच्या उशाशी बसता आलं. या गोष्टी मला नको होत्या असं मी म्हणणार नाही. मिस्त्रीनं वर्षभरात वखार सोडली. तो गावाला जाऊन सुतारकाम करू लागला असं कळलं. जाताना मला भेटला, चांगला बोलला, पण पत्ता दिला नाही.

पुढच्या हंगामात त्या वाड्यांमधलं कुणी कुपावर आलं नाही. ठेकेदारानं घाटावरून माणसं आणली. बाबाची माणसं कल्याणच्या बाजूला वीटभट्ट्यांवर गेल्याचं एका गाडीवानाकडून ऐकलं. तीन वर्षांनी करार संपला. भाऊ तोवर फिरण्यासारखे राहिले नव्हते, दुसरे कुणी पुढारी आले होते. नव्या कराराच्या सभेला मी मागच्या रांगेत बसलो होतो. जंगलातल्या माणसांचा विषय कुणीच काढला नाही. नव्या पुढाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेले आम्ही खूप जण होतो.

त्यानंतर आणखी दोन-तीन वर्षांनी बहिणीकडे जाताना मी धसईच्या बाजारात उतरलो होतो. बस बदलायची होती. रस्त्याच्या कडेला बाया रानभाजी घेऊन बसल्या होत्या, त्यांत बाबाची बायको दिसली. ती म्हातारी झाली होती. मी ओलांडून जाऊ शकलो असतो. पण तिनं मला आधीच पाहिलं होतं.

"मापारी ना तू?"

"हो. बाबा कसे आहेत?"

"बरा हाये. गुडघं धरतात. तिकडं मुरबाडकडं जंगल कामगारांची सोसायटी झाली, पोरगा तिच्यात कामाला हाये. आता भट्टीवर नाय जावा लागत."

"चांगलं झालं," मी म्हणालो.

तिनं भाजीवर पाणी शिंपडलं. मग विचारलं, "तुमचा तो करार सरला असंल आता."

"सरला. नवा झाला."

"त्याच्यात काय बोललास का आमच्यासाठी?"

खोटं सांगता आलं असतं. तिला तपासून बघता येणार नव्हतं.

"नाही बोललो," मी म्हणालो. "बसलो होतो तिथेच. पण नाही बोललो."

तिनं मान हलवली, जसं काही मी तिला भाताचा भाव सांगितला होता. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि ती त्याच्याशी जुडीचं बोलू लागली. मी थोडा वेळ उभा राहिलो. ती पुन्हा माझ्याकडे वळेल असं वाटत होतं, पण गिऱ्हाईक गेल्यावर तिनं उरलेल्या जुड्या नीट लावायला घेतल्या. मग मी बसच्या थांब्याकडे चालू लागलो.